जोडीचा माग

माझं कामच चुका शोधायचं. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका मिलमध्ये मी दिवसभर उजेडाच्या टेबलावरून कापड सरकवत बसते. कुठे तार तुटली, कुठे रंगाचा डाग पडला, तिथे खडूने खूण करते. बारा वर्षं हे केल्यावर माणूस सहजासहजी कशावर विश्वास ठेवत नाही. माय म्हणते, उज्ज्वला देवाच्या पाया पडतानाही देव्हाऱ्यातली धूळ बघते. खोटं नाही ते.

गेल्या गणपतीत माझ्या वडिलांना, नानांना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पायात हळूहळू जीव आला, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. त्या हाताने नानांनी अडतीस वर्षं गोडादऱ्यातल्या खात्यात माग दुरुस्त केले. लूमच्या कारखान्याला इथे सगळे खातंच म्हणतात. आता माय त्यांना भरवायची आणि ते भिंतीकडे बघत घास गिळायचे. ते मला बघवत नव्हतं. मी ठरवून टाकलं, की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नाना आपल्या हाताने पुरणपोळी खातील. घरात तसं जाहीरही करून टाकलं, म्हणजे मलाच मागे फिरता येऊ नये.

व्यायाम करून घ्यायला स्नेहाबेन नावाची एक गुजराती मुलगी यायची. तिने सांगितलं, हाताला आवडीचं काम द्या, चेंडू दाबून दाबून कंटाळलेत ते. मी मोबाइलवर शोधलं आणि पॉवरलूमचं लाकडी मॉडेल मागवलं. लेसरने कापलेले भाग असलेल्या पाच पातळ फळ्या, सोबत एक पुस्तिका आणि रबरबँडची पुडी. खोका उघडला तेव्हा जळक्या लाकडाचा वास घरभर पसरला. पुस्तिकेत लिहिलं होतं, भाग एकशे शहाऐंशी. मी मोजून घेतले. एकशे शहाऐंशीच होते.

रोज संध्याकाळी कामावरून आले की मी नानांच्या खाटेशी पाट मांडून बसायचे. भाग फळीतून हलकेच दाबून काढायचा, कडेची काजळी पुसायची, खाचेत खाच बसवायची. अडेल तिथे मेण चोळायचं. नाना डाव्या हाताने भाग निवडून द्यायचे, पुस्तिकेकडे न बघता, आणि एकदाही चुकायचे नाहीत. फणी बसली, इवलासा धोटा बसला, शेवटी उजव्या बाजूला हँडल बसलं. रबरबँडला पीळ देऊन हँडल ओढलं की फणी पुढेमागे ठोकायला लागणार होती. एकविसाव्या दिवशी माग उभा राहिला. मला फार आनंद झाला.

मग मी फळ्या उचलल्या आणि पाहिलं, की भाग अजून शिल्लक आहेत. एखाददुसरा नव्हे, जवळजवळ तेवढेच. मी उभा राहिलेला माग पुन्हा मोजला. एकशे शहाऐंशी. उरलेले मोजले, तेही एकशे शहाऐंशी. लेसरने कापताना लाकडाची मागची बाजू जास्त काळवंडते. या भागांची मात्र पुढची बाजू काळी होती. मी कंपनीला फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, ताई, खोक्यात पाचच फळ्या मावतात.

नानांनी डाव्या हाताने एक उरलेला भाग उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ते हँडल होतं, डाव्या बाजूचं.

खात्यात माग जोडीने असतात, हे खात्यातल्या पोरींना सांगावं लागत नाही. एकाचं हँडल उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे, मध्ये माणूस उभा राहील एवढी गल्ली, म्हणजे एकाच माणसाला दोन्ही हँडलं हाताशी. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा नानांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. त्या गडगडाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून दुरुस्तीला कोणी मागात हात घालून बसला असेल, तर हँडल ओढणाऱ्याने आधी मागाच्या सांगाड्यावर तळहात टेकवायचा. आतला माणूस पान्याने तीनदा ठोकतो. ते कानाला नाही, हाताला कळतं. तीन ठोके म्हणजे, मी आत आहे, सुरू करू नको.

मी हे शिकले त्याच वर्षी निंबाकाका दुरुस्ती करताना मागात सापडले. ते आणि नाना अमळनेरकडच्या एकाच गावचे, सुरतेला आले तेही एकाच दिवशी. निंबाकाकांचा उजवा हात आत गेला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले. त्यानंतर दर आखाजीला नाना पितरांच्या दोन घागरी भरायचे. एक माझ्या आजोबांची. दुसरी कोणाची, हे आम्ही कधी विचारलं नाही.

मी दुसरा मागही बांधायला घेतला. सुरू केलेलं काम अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही, आणि नानांना तो हवा होता, हे तर दिसतच होतं. हा माग फार भराभर जुळला. मेण लावावंच लागलं नाही. दहाव्या दिवशी दोन्ही माग पाटावर समोरासमोर उभे राहिले, मध्ये चार बोटांची गल्ली.

त्या संध्याकाळी नानांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि नव्या मागाच्या सांगाड्यावर तळवा टेकवून ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्या उजव्या हाताची तर्जनी हलली. थोडीच, पण हलली. मी मायला हाक मारली, मला रडू आवरेना. माय बघत राहिली. तिला आनंद झालेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी स्नेहाबेनने डोळे मोठे केले आणि म्हणाली, चालू ठेवा, आता सोडू नका. मी कशाला सोडते? नानांचा हात मी रोज त्या मागावर ठेवू लागले, आणि रोज बोट थोडं जास्त हलायचं. मग लक्षात आलं की ते कसंही हलत नाही. तीनदा हलतं, थांबतं, पुन्हा तीनदा हलतं.

मी माझा तळहात टेकवून पाहिला. लाकडात बारीक ठोके होते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या गल्लीच्या पाठीमागे खाती आहेत, दिवसभर जमीन थरथरत असते. मी पाटावर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. पाणी हललं नाही. तरी मी मनाशी म्हटलं, खात्यांना सुट्टी असेल त्या दिवशी बघू.

आखाजीच्या आदल्या दुपारी खाती बंद होती. मी पाटावर पुन्हा पाण्याने भरलेला पेला ठेवला. एवढी शांतता गोडादऱ्यात वर्षातून चारदा असते. आज नानांच्या हाताने हँडल ओढून घ्यायचंच, असं ठरवून मी नव्या मागाच्या रबरबँडला पूर्ण पीळ दिला. नानांनी पाहिलं आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मान हलवली. पुन्हा हलवली.

माय दारातून म्हणाली, "तो नही म्हनस, उजू. ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, उद्या आखाजी आहे. आज नाही तर कधी?

नाना ओढणार नसतील तर एकदा आपण चालवून दाखवावं, म्हणजे त्यांची भीती जाईल, असं मला वाटलं. आणि ठोक्यांचाही निकाल लावायचा होता. मी एक तळहात सांगाड्यावर टेकवला. लाकूड गार होतं. आत काही नव्हतं. मी पूर्ण मिनिटभर वाट पाहिली.

काही नाही.

मी दुसऱ्या हाताने हँडल ओढलं.

फणी एकदा पुढे आली आणि अडली. लाकडावर नाही. काहीतरी मऊ असावं तशी अडली.

पाठीमागे माय ओरडली.

नानांचा उजवा हात हवेत ताठ उभा होता. पाचही बोटं फाकलेली. मग तो सावकाश खाली आला आणि त्याने पाटावरचा पेला उचलला. नाना पाणी प्यायले.

मी हसले, रडले, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. स्नेहाबेन संध्याकाळी आली आणि तिने तो हात उलटासुलटा करून पाहिला. "आ तो जादू छे," ती म्हणाली. बोटांच्या पाठीवर बारीक, समान अंतराच्या रेघा उमटल्या होत्या. तिने विचारलं, कंगवा लागला का? मी हो म्हटलं.

ती गेल्यावर मायने मला ओट्यावर बोलावलं.

"निंबा गया त्या दिनले तुना बापनी हात ठेयेल व्हता," ती म्हणाली. "पन जोडीना मागवर."

मी आत येऊन पाटासमोर बसले. दुपारी बसले होते तशीच, त्याच जागी. नव्या मागाचं हँडल मी डाव्या हाताने ओढलं होतं. उजवा तळहात टेकला होता तिथे मेणात बोटांचे ठसे दिसत होते. मेण मी फक्त पहिल्या मागाला लावलं होतं.

आखाजीला पुरणपोळी झाली, आमरस झाला. मायने घागरी मांडल्या. दुसरी घागर नानांनी हात आडवा करून बाजूला सारली. मग त्यांनी उजव्या हाताने पोळीचा तुकडा मोडला, आमरसात बुडवला आणि खाल्ला. पूर्ण पोळी खाल्ली. मी बोलले होते ते करून दाखवलं होतं. नाना पोळीकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

जेवण झाल्यावर मी तांब्या घेऊन त्यांचा हात धुवायला बसले. ऊबदार होता, बोटं नीट मिटत होती. पुसून झाल्यावर मी तो माझ्या दोन्ही हातांत घेतला.

नाडी मला ओळखता येते. ती एकसारखी चालते.

हे तीनदा झालं आणि थांबलं. मग पुन्हा तीनदा.