शाळेच्या गच्चीवरचा शनी

चष्म्याची एक काडी कानावर आणि दुसरी हातात, अशा अवतारात तो तिच्या चष्म्याच्या दुकानात शिरला. भूगोलाचा मास्तर, आणि केस वावटळीतून आल्यासारखे. तिला हसू आवरेना.

"हसा, हसा. वर बघत चालत होतो... खांबाला धडकलो."

"वर काय होतं एवढं?"

"चंद्र. भरदुपारी! तुम्ही बघत नाही वाटतं कधी?"

लोकांचे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचा, हे तिचं काम. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलत अक्षरं वाचायला लावली. पठ्ठ्या अक्षरांपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होता. नवा चष्मा न्यायला आला तेव्हा कान लाल करून म्हणाला, "शनिवारी शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावतो. याल?... शनी दाखवतो."

"लोक शनीला टाळतात, आणि तुम्ही आमंत्रण देताय?"

"एकदा ओळख झाली की नाही छळत तो."

ती हो म्हणून बसली, आणि घरी पोचेपर्यंत पस्तावली. गेले चार महिने अंधार पडला की तिला पायऱ्या दिसत नव्हत्या. बाजूनं येणारी सायकल पार अंगावर आल्यावरच कळायची. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. पंचेचाळिशीत त्यांच्या हातात पांढरी काठी आली. दिवसाला वीस जणांचे डोळे तपासणारी ती, स्वतःचे दाखवायला मात्र तिचा धीर होत नव्हता. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं की ते खरं होणार, एवढंच तिला कळत होतं.

शनिवारी कठडा घट्ट धरून, पायऱ्या मोजत ती गच्चीवर पोचली. मुलं आणि त्यांचे आईबाप बघून गेले होते. दव पडायला लागलं म्हणून मास्तरानं दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं होतं. तिला बघून तो असा काही गडबडला की बस्स.

"आलात!... या ना, या. मघाशीच नेम धरून ठेवलाय. लावा डोळा."

तिनं डोळा लावला. काळोख. नुसता काळोख. म्हणजे... आजच?

"दिसला?"

"हो... किती सुंदर आहे."

"आणि कडं?"

"दिसलं ना. अगदी स्पष्ट."

तो खूश होऊन स्वतः वाकला, मग पुढे जाऊन दुर्बिणीचं तोंड चाचपलं. "अहो... झाकण काढायचंच राहिलं!" तो हसायला लागला, पण तिच्याकडे बघताच थांबला. ती खाली फरशीवर बसली होती आणि रडत होती. रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं. बाबा, पायऱ्या, सायकल, सगळं.

"मला वाटलं, संपलं... आत्ताच, तुमच्यासमोरच."

काही होणार नाही, असं तो म्हणाला नाही. तिला ते फार बरं वाटलं. त्यानं झाकण काढलं, नेम पुन्हा जुळवला, तिला कोपराला धरून उठवलं. "सावकाश. घाई नाही. तो कुठे पळून जात नाही."

आणि मग दिसला. एवढासा, पिवळसर, भोवती खरंच कडं! खाली आधार नाही, वर टांगलेला नाही, आणि तरी पडत नव्हता. ती बघतच राहिली. आपण घाबरून डोळे मिटून बसलो होतो तेव्हाही हा इथेच होता, असाच होता... देवासमोर कधी न जोडलेले तिचे हात नकळत जुळले. भीती गेली नाही. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी आहे, यावर तिचा विश्वास बसला.

"शेजारचे बारीक तारे दिसतायत?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. या वेळी खोटं बोलली नाही.

"मग मी सांगतो. दोन आहेत. डावीकडचा जरा लाजरा."

"तुमच्यासारखा?... आणि असं रोज सांगाल?"

"रोज. तुम्ही 'पुरे' म्हणेपर्यंत. मला... मला आवडता तुम्ही. त्या खुर्चीत बसल्यापासून."

तिनं ओल्या गालांनी त्याच्याकडे बघितलं. अंधारात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून तिनं त्याचा हात शोधून धरला.

"सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे जाईन म्हणते," ती पुटपुटली. "खूप भीती वाटते हो."

"किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.