न वाचलेली ओळ

वैमानिक गजेंद्र मोहरील माझ्या टेबलापाशी पहिल्यांदा आला तो योगायोगानेच. लखनौच्या विमानतळावर मी हवामान कचेरीत होते, पण वैमानिकांना अंदाजाचा कागद शेजारच्या खिडकीत मिळायचा. त्या दिवशी डब्यातली आमटी सांडली म्हणून मी मराठीत स्वतःलाच झापत होते, ते त्याने ऐकलं.

"नागपूरच्या?"

"हो. बाबा रेल्वेत इंजिनियर आहेत, इथेच आलमबागला क्वार्टर आहे. तुम्ही इकडे कसे?"

"उडत उडत," तो म्हणाला. मला हसू आवरेना.

१९७८ साल होतं ते. मग दर मंगळवारी दिल्लीला निघण्याआधी तो माझ्याकडेच यायचा. खरं तर वैमानिकाने अंदाज स्वतः वाचायचा आणि आमच्या प्रतीवर सही करायची, असा नियम. हा आधी सही ठोकायचा, मग हनुवटीखाली हात घेऊन म्हणायचा, "कांचनबाई, तुम्हीच वाचा. मराठीत."

आणि मी शहाणी... वाचायचे!

मे महिन्यातल्या त्या सकाळी बाहेर धुळीने पिवळं झालं होतं. "वारा पश्चिमेचा... गडगडाटी ढग..." मी वाचत होते.

"माझ्याशी लग्न कराल?"

माझं बोट कागदावरच थांबलं. कान तापले. तो उठला, टोपी घातली. "उत्तर परत आल्यावर द्या," म्हणाला आणि गेला.

किती वेळ मी तशीच बसून होते कोण जाणे. मग बोटाखालची ओळ दिसली — दिल्लीच्या वाटेवर हरदोईच्या पुढे तीव्र हादरे संभवतात. मी टॉवरकडे धावत सुटले. निरोप पोचला तेव्हा विमान ढगात शिरलं होतं.

पाऊण तासाने ते परत उतरलं. हवाई सुंदरी लतिकाला स्ट्रेचरवरून नेलं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पाच-सहा प्रवाशांची डोकी फुटली होती. गजेंद्र सगळ्यांच्या शेवटी उतरला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला भेटला. दाढी वाढलेली. लतिकाच्या खोलीत जायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"विमान खाली आदळतच गेलं," तो हळू बोलू लागला. "मी दोन्ही हातांनी धरलंय, पण ते ऐकतच नाही. काटे इतके थरथरत होते की वाचताच येईनात. मागे भांडी पडली, माणसं किंचाळली... आणि मग एकदम कुणीच ओरडेना. मला वाटलं, संपलं. मी अजून ती शांतताच ऐकतोय, कांचन."

मी त्याचा हात धरला. तो थंडगार होता.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "कैप्टन साहब, लतिकाजी पूछ रही हैं, आप अंदर क्यों नहीं आते?"

त्याने मान खाली घातली. नर्स गेल्यावर म्हणाला, "चौकशीत मी सांगणार आहे, कागद न वाचता सही केली. लायसन्स जाईल कदाचित. तुझं नाव कुठेही येणार नाही."

"आलंय. मी वाचत होते आणि ती ओळ राहिली, असं सकाळीच लिहून दिलंय."

"अगं, वेडी आहेस का?" तो ताडकन उठला. "सही माझी होती! तुझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे!" मला रडू फुटलं. "लतिका आत कण्हतेय आणि मी गप्प बसू? मग लग्नानंतर रोज तुमच्या तोंडाकडे बघताना काय करायचं होतं मी?"

"लग्नानंतर?" त्याने अगदी हळू विचारलं.

काय बोलून गेले ते तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. पण मागे घ्यायचं काही कारण नव्हतं. मी पदराने डोळे पुसले, त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला घेऊन लतिकाच्या खोलीत गेले.