तारीख उलटल्यावर

"अहो, टाकू नका तो!"

औषधाच्या दुकानात शिरता शिरताच ती ओरडली. हातात बिस्किटांचा पुडा आणि पाय कचऱ्याच्या डब्यावर, अशा अवस्थेत औषधवाला जागीच थबकला.

"तारीख उलटलीय."

"कुठली? नीट वाचा. 'बेस्ट बिफोर' आहे, 'एक्सपायरी' नव्हे." तिने पुडा ओढून एक बिस्कीट चावलंसुद्धा. बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायचीच तिची नोकरी! "कुरकुरीतपणा जरा उतरलाय. बाकी तब्येत ठणठणीत. एक्सपायरी म्हणजे पुढे धोका. हे बिचारं एवढंच म्हणतं, तेव्हा माझा तोरा काही औरच होता!"

"आमच्याकडे असले लाड नाहीत. तारीख गेली की औषध थेट लाल खोक्यात, नष्ट करायला."

"म्हणून तुमच्याकडे कोणी चहाला येत नसेल."

तो हसला... आणि तिथेच तिचा निकाल लागला.

पुढे तिचा घसा फारच नाठाळ झाला. खोकला यायचा तो नेमका दुपारी, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना. मागे खोकी लावणारी औषधवाल्याची थोरली बहीण एकदा म्हणालीच, "बाई गं, हा खोकला आमच्या उंबऱ्याबाहेर कधी येतो का?"

गाडं अडलं होतं त्याच्यापाशी. एका दुपारी गोळ्या पुडीत बांधताना तो मान खाली घालूनच म्हणाला, "ताई सांगत होती... रविवारी एक मुलगा तुम्हाला भेटायला येतोय. चांगलंय. माझी चाळिशी आली, केसांनी तर केव्हाच रजा घेतली. तुम्ही आपलं ताजं काहीतरी..."

"लाल खोक्यात उडी मारण्याआधी चव बघणारीला विचारलंत?" ती दोन्ही कोपर टेकून काउंटरवर रेलली. "त्या मुलाला मी नको म्हणून कळवलंय. घरी रणकंदन झालं. झालं तर झालं! आता तुम्ही बोला."

"पण... कुरकुरीतपणा—"

"उतरलाय. डोळे आहेत मला. मला बाकीचं हवंय."

 मग त्याने हळूच खण उघडला. आत तोच पुडा होता... तोंडाला रबर लावून नीट ठेवलेला. तारीख गेली की दयामाया न दाखवणाऱ्या माणसाने तो इतके दिवस जपला होता!

त्याने एक बिस्कीट काढलं. तिच्याकडे बघत चावलं.

"नरम पडलंय."

"मग बुडवून खा. दोन चहा सांगा."

खोक्यांमागून आवाज आला, "तीन सांग रे!"