उजवीकडचा कल

मेजर रणधीर शेलार यांचं लढाऊ हेलिकॉप्टर कड्यावर उतरताना कोसळलं, त्याला वर्ष झालं. तरी ते प्रशिक्षण केंद्रात रोज उडत होतं. संगणकात त्याचं ‘जुळं’ होतं. खऱ्या यंत्रातले संवेदक प्रत्येक हादरा, प्रत्येक झीज या जुळ्याला कळवत. तिथला स्क्रू सैल झाला की इथलाही सैल होई. खरं मेजरांसह गेलं, जुळं मागे राहिलं, आणि नवे वैमानिक नकली कॉकपिटमध्ये बसून त्याच्यावर शिकू लागले.

मेजरांची बायको मृणाल अधूनमधून त्या कॉकपिटच्या मागच्या आसनावर येऊन बसायची. परवानगी कुणाची, ते विचारू नये. जुळं घडवणाऱ्या डॉ. अनघा केतकर शास्त्रज्ञ असल्या तरी त्यांनाही मन होतं.

“एक दोष काही सापडत नाही,” केतकर एकदा म्हणाल्या. “उतरताना हे किंचित उजवीकडे कलतं. मैदानात चालून जातं. पण त्या कड्यावर उजवीकडे जागाच नव्हती. आता ही सवय नव्या पोरांच्या हातातही उतरायला लागलीय.”

तो कल मृणालच्या ओळखीचा होता. साडी नेसून ती मोटरसायकलवर एका बाजूला बसायची, पाय डावीकडे. गाडीचा वेग कमी झाला की तिच्या भाराने तोल जायचा, म्हणून रणधीर न बोलता उजवीकडे झुकायचा. सांगितलं तर हे लोक तेवढाही रणधीर पुसून टाकणार होते.

“दोष यंत्राचा नाही, मॅडम,” ती अखेर म्हणाली. “रणधीर मला सांभाळतोय.” आणि तिने सगळं सांगितलं.

केतकर पडद्याकडे वळल्या. “हे कायम मेजरांनीच उडवलं. यंत्र कुठे संपतं आणि त्यांचा हात कुठे सुरू होतो, ते जुळ्याला कळलंच नाही.”

“म्हणजे तो माझ्यामुळे गेला.”

“तसं म्हणू नका, मृणालताई.”

“काढून टाका ते. या पोरांचीही घरी कुणीतरी वाट बघतंय.” ती पुढच्या रिकाम्या आसनाकडे बघत म्हणाली, “मला मात्र तो तसाच हवा होता.”

दुरुस्ती झाली. मृणाल पुन्हा मागे बसली. पडद्यावर तोच कडा जवळ आला आणि जुळं अगदी सरळ खाली टेकलं.

केतकरांनी समाधानाने मागे पाहिलं. मृणाल दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, आसनाची कड घट्ट धरून डावीकडे कलंडली होती.