पाच-चाळीसची ओळ

"प्रश्न एकच आहे, बाई. शाई एक की दोन? शुक्रवारपर्यंत लेखी द्या, म्हणजे फाइल बंद होईल."

पाटबंधारे खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यांनी एवढं सांगून फोन ठेवून दिला. तो दिवस मंगळवार होता.

हस्ताक्षरं आणि कागदपत्रं तपासणाऱ्या त्या सरकारी कचेरीत बाईंना एकवीस वर्षं झाली होती. गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून मागून सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई.

त्यांनी पार्सल उघडलं. आत एक लांबट नोंदवही, शाईची अर्धी बाटली आणि दोन पानी पत्र.

धरणाच्या वरच्या अंगाला, नदीकाठी एक खोली होती. तिथला नोंदणीस, म्हणजे नोंदी ठेवणारा माणूस, दर तासाला पट्टीवर पाण्याची पातळी बघून वहीत लिहायचा. पाणी लाल खुणेच्या वर गेलं, की धरणाच्या कचेरीला फोन. मग तिथले लोक आधी भोंगा वाजवून खालच्या वस्तीला सावध करायचे आणि दरवाजे थोडेथोडे उघडायचे.

दोन महिन्यांपूर्वी, अकरा जुलैच्या संध्याकाळी पाणी चढलं. बारा तारखेला सकाळी सातला चारही दरवाजे एकदम उघडावे लागले. भोंग्याला वेळच मिळाला नाही. खाली एक नाव उलटली आणि नावाडी गेला.

धरणाची कचेरी म्हणत होती, फोन आलाच नाही. नोंदणीसाच्या वहीत मात्र ओळ होती: '५.४० – धरण कचेरीस फोन केला. पाणी खुणेवर एक फूट. निरोप पोचला.'

ही ओळ बाकीच्या पानापेक्षा फिकट होती. ते दिसायला भिंगही लागत नव्हतं. वरच्या आणि खालच्या ओळी काळपट निळ्या, आणि ही मधली धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखी. नोंदणीसानं मागाहून घुसडली, असं खात्यानं ठरवून टाकलं होतं. तो दोन महिने निलंबित होता.

बाईंनी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. बाटलीतल्या शाईनं लिहून पाहिलं. पेन धुतल्यावर निबमध्ये पाणी राहतं, म्हणून पहिली पट्टी नेहमीप्रमाणे टोपलीत टाकली आणि दुसरीपासून मोजायला सुरुवात केली. वहीच्या बाकी ओळी बाटलीशी जुळल्या. फिकट ओळ जुळेना.

*

दुसऱ्या दिवशी धरणाच्या कचेरीतला टेलिफोन-कारकून आला. गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. हातात पिशवी.

"मॅडम, साहेबांनी विचारलं नव्हतं, पण मीच आणलं. बाजारात मिळणाऱ्या सात निळ्या शाया. तुम्हाला तुलनेला बऱ्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं तुलना चाललीय म्हणून?"

"अहो, ती फिकट ओळ आधी मलाच तर दिसली. वह्या मुख्य कचेरीत पोचवायचं काम माझ्याकडे असतं."

"त्या दिवशी फोनवर तुम्हीच होतात?"

"सहा वाजेपर्यंत मीच. फोन आला नाही. हे बघा, आमच्या निरोपवहीच्या त्या आठवड्याच्या पानाची झेरॉक्स. सात ते तेरा तारीख. अकराला काही नाही."

"मूळ पान?"

"ते दुसऱ्या फाइलीत अडकलंय. मिळालं की आणून देतो."

"नोंदणीस खोटं लिहील असा माणूस आहे?"

कारकुनानं मान खाली घातली. "माणूस चांगला आहे हो. पण घाबरला की कोण काय करेल सांगता येतं का?"

सात बाटल्या टेबलावर रांगेनं उभ्या राहिल्या. बाईंनी दिवसभर पट्ट्या रंगवल्या. ओळीतला पहिला शब्द तिसऱ्या बाटलीशी जुळतोय असं वाटलं. शेवटचा शब्द 'पोचला' सहाव्या बाटलीकडे झुकत होता. एकाच ओळीला दोन बाटल्या कशा? त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. बोटं निळी झाली, डोळे चुरचुरायला लागले, आणि हाती काही लागलं नाही. फिकट ओळीच्या वरची साडेपाचची नोंद तेवढी नजरेत भरली. तिचे शेवटचे आकडे दोनदा गिरवलेले होते आणि निबनं कागद ओरखडला होता. त्यांनी ते टिपून ठेवलं. त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

*

गुरुवारी सकाळी नोंदणीस आला. पन्नाशीचा, वाळलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"तुमच्याकडे पेनं किती?"

"एकच, बाई."

"शाया?"

"एकच. खात्याची."

"मग ही ओळ फिकट का?"

"माहीत नाही."

"मागाहून लिहिलीत?"

"नाही."

"त्या वेळी शाईत पाणी घातलंत?"

"बाई, समोर पाणी चढत होतं. मी पट्टी बघत होतो, फोन बघत होतो. पेनाचं काय केलं ते कसं सांगू?"

"एवढं तरी आठवून सांगा ना. तुमच्याच भल्यासाठी विचारतेय."

"खोटं आठवून सांगू का?"

बाईंना राग आला. त्याचा नाही, त्या उत्तराचा. असा माणूस स्वतःला वाचवायला मदतही करत नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि बाटली दिली. नमुन्याला तीच ओळ लिहायला सांगितली. त्यानं आपलं पेन काढलं, पाण्याच्या पेल्यात निब दोनदा खळखळून घेतली, शाई भरली आणि लिहायला लागला.

"थांबा. ओल्या निबनं नको." बाईंनी तो कागद ओढून घेतला, दुसरा दिला. "आता नीट लिहा."

दुसरा कागद बाकीच्या वहीसारखाच काळपट निळा आला. म्हणजे खात्याचंच म्हणणं खरं ठरत होतं.

तो जाताना दारात एक बाई उभी होती. त्याला बघताच तिनं तोंड फिरवलं. तो खाली मान घालून जिना उतरला.

ती आत आली. "तो माझा मोठा भाऊ. आणि बुडाला तो माझा नवरा."

बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"दादा म्हणतो फोन केला. साहेब लोक म्हणतात केला नाही. मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. केला होता की नाही?"

"अजून सांगता येत नाही."

"किती दिवस बघताय?"

"तीन."

"एका ओळीला तीन दिवस," ती म्हणाली आणि निघून गेली.

*

दुपारी बाईंनी पुन्हा पट्ट्या घेतल्या. चिडून. पेन धुतलं, भरलं, पहिली पट्टी लिहिली, सवयीनं टोपलीकडे भिरकावली. ती टोपलीबाहेर पडली. उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या.

मग त्यांनी टोपली टेबलावर उपडी केली. तीन दिवसांच्या टाकलेल्या पट्ट्या. नोंदणीसाकडून ओढून घेतलेला कागदही. त्यांनी तो वहीतल्या ओळीशेजारी ठेवला, भिंग लावलं, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

लगेच त्यांनी मुख्य अधिकाऱ्यांना फोन लावला.

"निरोपवही हवी. झेरॉक्स नको. मागचीपुढची पानं सगळी."

"बाई, तुम्हाला विचारलंय शाई एक की दोन."

"त्याचंच उत्तर देतेय. वही आली नाही तर उत्तरही येणार नाही."

कारकुनाचा लगेच उलटा फोन आला, की पान अजून सापडत नाही. तासाभरानं मात्र धरणाचे अभियंता स्वतःच वही घेऊन हजर झाले आणि ती टेबलावर आपटली. सुटी पानं दोऱ्यानं ओवलेली, एका आठवड्याला एक पान.

"घ्या. माझ्याच कपाटात होती. दोन महिने चौकशा चालल्यात आमच्या. भोंगा का वाजवला नाही, दरवाजे का उघडले. अहो, मला कळलंच पहाटे, पाणी भिंतीला लागल्यावर."

"अकरा तारखेला संध्याकाळी कुठे होतात?"

"भिंतीवर. तिसऱ्या दरवाजाची साखळी बसवून घेत होतो. आठ वाजता उतरलो."

"कारकुनानं काही सांगितलं?"

"तो सहालाच गेला होता. बरं, वही दिल्याची सही कुठे करू? तुमचं पेन द्या, आमच्या शाईत दम नाही. एकवीस जुलैला भांडारानं नवी निळी पाठवली, तेव्हापासून नुसता घाम लागला तरी सही पसरते."

बाईंनी आपलं पेन त्यांच्या हातात दिलं. "ती भांडाराची पावती मिळेल का?"

"मिळेल की. पण कशाला?"

*

शुक्रवारी अकरा वाजता मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत अभियंता, कारकून आणि नावाड्याची बायको बसले होते. नोंदणीसाला बोलावलं नव्हतं. निलंबित माणसाला हजर ठेवायचा नियम नाही, असं कुणीतरी म्हणालं.

"एक की दोन?" मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नोंदणीसाच्या वहीत एक," बाई म्हणाल्या.

"पण ओळ फिकट आहे, डोळ्यांना दिसतंय."

"दिसतंय. मलाही तेवढंच दिसत होतं, म्हणून तीन दिवस फुकट गेले. मी दुसरी शाई शोधत बसले. ही बघा त्याच्या वरची साडेपाचची नोंद. आकडे दोनदा गिरवलेत, कागद ओरखडलाय. पेनातली शाई संपत आली होती. मग त्यानं फोन केला, आणि ओळ लिहायच्या आधी पेन भरलं. भरायच्या आधी तो निब पाण्यात खळखळून घेतो. माझ्यासमोरही घेतली. धुतलेल्या पेनाचे पहिले शब्द पाणचट येतात, पुढे रंग चढत जातो. 'धरण' हा शब्द सगळ्यांत फिकट आहे, 'पोचला' गडद होत आलाय, आणि साडेसहाची नोंद पुरती गडद. शाई संपली, पेन भरलं, शाई लागली. तिन्ही ओळी एकामागून एक लिहिल्यात. मागाहून कुणी घुसडली असती, तर वरची कोरडी नोंद आणि खालची गडद नोंद यांच्या मधोमध हा चढ इतका बरोबर बसला नसता."

बाईंनी आपल्याजवळचा कागद पुढे केला. "हा त्यानं काल लिहिलेला. मी रद्दी म्हणून काढून घेतला होता. तोच चढ."

कारकून हळूच म्हणाला, "मॅडम, फोन लागला असेल, पण आमच्याकडे पोचला नसेल. लाइन खराब असते."

"तेही बघू." बाईंनी निरोपवही उघडली, पाण्याच्या पेल्यात काडी बुडवली. "साहेब, हे तीस जून ते सहा जुलैचं पान. थेंब टाकते. अक्षर हलत नाही. हे चौदा ते वीसचं. हलत नाही. दोन्ही जुन्या, पक्क्या शाईचे. आता मधलं, सात ते तेरा."

थेंब पडला. 'सात' या आकड्याभोवती निळं वर्तुळ पसरलं.

बाईंनी काडी खाली ठेवली.

"ही धुऊन जाणारी निळी. भांडाराच्या पावतीप्रमाणे ती कचेरीत एकवीस जुलैला आली. मग सात तारखेची नोंद तिनं कशी लिहिली? दुसरं असं, की बाकी पानांवर रोजचा रंग थोडा वेगळा आहे, पेन भरलं की गडद, संपत आलं की फिका. या पानावर सातही दिवस एकच रंग. एका बैठकीत लिहिलंय. झेरॉक्समध्ये हे दिसत नाही, आणि मला झेरॉक्सच मिळत होती."

अभियंता कारकुनाकडे वळले. "वही माझ्या कपाटात होती. तू म्हणालास सापडत नाही."

"तुमच्याकडे फोन आला होता का?" बाईंनी कारकुनाला विचारलं.

तो टेबलाची कड खरवडत राहिला. हसणं कधीच गेलं होतं.

"आला होता."

"किती वाजता?"

"पाच-चाळीसला. साहेब भिंतीवर होते. तिथवर चालत जायचं म्हणजे वीस मिनिटं. मी म्हटलं, पाणी आणखी चढलं तर हा परत फोन करेलच. आणि सहाला घरी गेलो."

"मग परत फोन आला?"

"लागला नसेल. रात्रभर लाइन बंद होती."

"आणि पान?"

"चौकशी लागल्यावर बदललं. मग त्याच्या वहीत ती फिकट ओळ दिसली. वाटलं, देवच धावला."

नावाड्याची बायको उठली. तिच्याकडे कुणाला बघवेना. ती कारकुनासमोर जाऊन उभी राहिली.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "मी तुमच्या घरी येऊन तुमच्या बायकोला सांगितलं होतं, माझ्या भावानं माझा नवरा घालवला. तुम्ही आतल्या खोलीत ऐकत होतात."

मुख्य अधिकाऱ्यांनी शिपायाला बोलावून कारकुनाला बाहेर बसवलं आणि पोलिसांना फोन लावायला सांगितलं.

मग त्यांनी घसा साफ केला. "नोंदणीसाचं निलंबन मागे घेतो. कागद टाइप होईल, आवक-जावक होईल, पोस्टानं आठवड्याभरात पोचेल."

"आठवडा?" बाई म्हणाल्या. "त्याला दोन महिने खोटं ठरवायला एक फिकट ओळ पुरली तुम्हाला. आत्ता लिहा."

त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मुख्य अधिकाऱ्यांनी बघितलं, मग चार ओळी लिहून सही केली, शिक्का मारला.

"द्या इकडे," नावाड्याची बायको म्हणाली. "मी नेते."

तिनं कागदाची घडी घालून पदराला बांधली. दारापाशी पोचली आणि थबकली.

"बाई, दोन महिन्यांत मी त्याचा उंबरा चढले नाही. लोकांपाशी नको नको ते बोलले. त्यानं दारच उघडलं नाही तर?"

"मग बाहेर उभ्या राहून वाचा," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं. शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे."