जिना वगळून

तो आमच्या खोलीत आला तोच मुळात चुकून. जायचं होतं नाटकाच्या तालमीला आणि शिरला मानसशास्त्राच्या वर्गात, तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या पार टोकाला. दारात धापा टाकत म्हणाला, "तालीम... इथेच ना?"

मॅडम शालेय प्रश्नमंजूषा स्पर्धेसाठी मला जोडीदार शोधून थकल्या होत्या. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आलाच आहेस तर बस."

तो बसला... माझ्याच बाकावर.

मला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, कारण कुणी शिंकलं तरी मी त्यामागचं मानसिक कारण सांगायचे. त्याचं नाव मी ठेवलं 'घाई'. सरावात मॅडमचा प्रश्न अर्ध्यावर असतानाच याचा अंगठा बझरवर!

"अरे, प्रश्न तरी होऊ दे!"

"उत्तर तयार असलं की राहवत नाही गं."

एका संध्याकाळी आम्ही भावनांचा धडा घेऊन बसलो होतो. बाहेर रिमझिम चालू होती आणि खिडकी नीट लागत नसल्यामुळे त्याची बाही भिजत होती, पण तो काही सरकत नव्हता. मी समजावत होते, "धावून आलं की छाती धडधडते. अशा वेळी समोर कुणी दिसलं की माणूस ती धडधड त्याच्या नावावर खपवतो. धडधडतं जिन्यामुळे आणि वाटतं प्रेमामुळे. लक्षात ठेवायला सोपं — 'जिना'."

पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत तो म्हणाला, "मग मला इथे आल्यावर रोज जे होतं... ते?"

"तीन मजले चढून येतोस ना? जिना!" मी लगेच म्हणाले. माझे कान तापले होते, पण पुस्तकाआड लपायची सोय होती.

"बरं, डॉक्टर," असं म्हणून त्याने पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात स्वारी लंगडत आली. पाय मुरगळला म्हणे. शाळेची लिफ्ट फक्त शिक्षकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी होती, त्यामुळे घाई रोज लिफ्टने यायला लागला. सोमवारी डावा पाय लंगडायचा, मंगळवारी उजवा.

"आधी कोणता पाय ते ठरव," मी चिडवायचे. "आळशी कुठला!"

तो नुसता हसायचा. बाकावर बसला की दोन बोटं मनगटावर ठेवून घड्याळाकडे बघायचा. एरवी जगाचं निदान करणारी मी, मला त्यात काहीच दिसलं नाही.

स्पर्धा तोंडावर आली आणि तो सहज म्हणाला, "बाबांची बदली झालीय. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी आमचं सामान निघतंय."

"अभिनंदन," मी म्हणाले. अभिनंदन! बदलीबद्दल! घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. आईने विचारलं, "डोकं दुखतंय का गं?" मी हो म्हटलं. तो जाणार होता आणि मी त्याला खरं काही सांगितलंच नव्हतं.

अंतिम फेरीत दोन्ही संघ बरोबरीत आले. परीक्षकांनी शेवटचा प्रश्न वाचला, "एक मुलगा धावत जिना चढून येतो. समोर एक मुलगी दिसते, त्याची छाती धडधडते आणि त्याला वाटतं, आपण हिच्या प्रेमात पडलो. या धडधडीचं खरं कारण काय?"

मी निर्धास्त होते. बझर त्याच्याकडे होता आणि अंगठाही बझरवर होता. पण तो अंगठा हललाच नाही. घाई माझ्याकडे बघत होता. मी हात पुढे करेपर्यंत पलीकडचा बझर वाजला आणि चषक त्यांच्याकडे गेला.

सायकल स्टँडपाशी मी त्याला गाठलंच. "जन्मात पहिल्यांदा गप्प बसलास, तेही आज? 'जिना' — एवढंच तर म्हणायचं होतं!"

"ते उत्तर चूक आहे."

"पुस्तकात दिलंय!"

"पुस्तकातल्या मुलाचं असेल. मी माझं तपासलंय." तो दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला. "पाय कधी मुरगळलाच नव्हता, डॉक्टर. मॅडम म्हणतात ना, एक कारण वगळा आणि बघा. मी जिना वगळला. रोज लिफ्टने आलो... धडधड तेवढीच."

मी कसंबसं म्हणाले, "एकाच माणसावरचा प्रयोग... धरत नाहीत."

"मग दुसरा माणूस कुठून आणू?"

मी मनगट पुढे केलं. "मोज."

त्याने दोन बोटं अलगद टेकवली.

"किती?"

"मोजताच येत नाहीये," तो हळूच म्हणाला. "फार घाई करतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक गेला. मी कोपऱ्यावर उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. पण घाई दुरावेल अशी भीती मला वाटत नव्हती.

इतक्या वर्षांनी आता आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर राहतो. इथली लिफ्ट चालण्यापेक्षा बंदच जास्त असते आणि हल्ली त्याचा गुडघा खरोखरच दुखतो. संध्याकाळी दार उघडलं की तो छातीवर हात ठेवून धापा टाकत उभा असतो.

"जि—" मी सुरुवात करते.

"नाही!" प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार.

"बरं," मी म्हणते, "आलाच आहेस तर बस."