जास्तीचं ताट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. खोटं सांगून मला काय मिळणार आहे? हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

चोवीस डिसेंबर २०१५. गुरुवार. नारिन शहराच्या वर, डोंगरातल्या खिंडीखालचं आमचं गाव.

घरात आम्ही तिघी होतो. मी, माझ्या सासूबाई उमसुनाय आणि युस्तिना. माझा नवरा आणि दीर दोघंही मॉस्कोला मजुरीवर.

युस्तिना पोलंडची. बावीस वर्षांची पोर. गावच्या शाळेत फुकट शिकवायला आली होती आणि आमच्याकडे राहत होती. आमच्या भाषेतले तिला चार शब्द यायचे. बाकी सगळा कारभार मोडक्या रशियनमध्ये.

त्या दिवशी तिचा नाताळ. सकाळपासून डोळे सुजलेले.

"रडतेस कशाला गं सारखी?" सासूबाई खेकसल्या.

"आज घरी सगळे एकत्र जेवतात. मी पहिल्यांदाच नाहीये. आई रात्री फोन करणार आहे."

"फेब्रुवारीत जाणारच आहेस ना? तुला काय कुणी बांधून ठेवलंय?"



पण या घरात एकीला बांधून ठेवलं होतं.

बेगाइम. माझी धाकटी जाऊ. आदल्या हिवाळ्यात दिरानं आणि त्याच्या दोस्तांनी तिला नारिनच्या बाजारातून जबरदस्तीनं उचलून आणलं. म्हाताऱ्यांनी डोक्यावर पांढरा रुमाल बांधला, झालं लग्न. तिनं अन्नाला हात लावला नाही. माहेरी सोडा म्हणून पाया पडली. सासूबाई म्हणाल्या, बर्फ वितळल्यावर बघू.

एका संध्याकाळी ती एकटीच खिंडीकडे निघाली, पलीकडे तिचं माहेर. वादळ आलं म्हणून परत फिरली. दार वाजवलं.

सासूबाईंनी उघडलं नाही. "निघालीस ना? मग जा!"

सकाळी ती उंबऱ्याशी सापडली... गोठलेली.

मी तेव्हा भावाच्या लग्नाला माहेरी होते. हे सासूबाईंनीच शेजारणींना सांगितलं. फुशारकीनं!

असो. त्या गुरुवारी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. गुरुवारी आम्ही गेलेल्या माणसांसाठी बोरसोक तळतो, कणकेचे फुगलेले तुकडे. तळताना त्यांची नावं घ्यायची. तेलाच्या वासानं ती जेवायला येतात. सासूबाई सगळ्यांची नावं घ्यायच्या. बेगाइमचं कधीच नाही.

तिकडे युस्तिनानं चादर अंथरली आणि खाली वाळलं गवत पसरलं.

"मेंढ्या जेवायला बोलावल्यात की काय?" सासूबाई हसल्या.

"आमची रीत आहे," ती म्हणाली.

मग तिनं ताटं मांडली. चार.

"चौथं कुणाचं गं?" मी विचारलं.

"जो येईल त्याचं. ज्याला कुणीच बोलवत नाही, त्याच्यासाठी."

सासूबाईंचा झारा तेलातच थांबला. "उचल ते ताट."

"पण आजी..."

"उचल म्हणते ना!"

आणि दिवे गेले.

आमच्याकडे हिवाळ्यात दिवे जातातच. मी मेणबत्ती शोधत होते. तेवढ्यात बाहेर...

धप. धप.

उंबऱ्यावर पाय आपटून कुणीतरी बुटांवरचं बर्फ झाडत होतं.

कुत्रं भुंकलं नाही.

दाराला आतून कडी होती. ती कडी वाजली नाही. तरी खोलीत गार वारा शिरला.

मग आवाज आला... खाण्याचा.

घाईघाईचा. बोरसोक तोंडात कोंबल्यासारखा. किती दिवसांचा उपाशी जीव असेल, असा.

"युस्तिना, तूच खातेस ना?" मी विचारलं.

"नाही." तिचा आवाज माझ्या कानाशी होता. तिनं माझा दंड घट्ट धरला होता. "माझ्या शेजारी कुणीतरी बसलंय."

मग तिचा हात सुटला.

दिवे आले. चौथं ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं. त्या ताटासमोर युस्तिना बसली होती, मान खाली घालून. डोक्यावर पांढरा रुमाल...

तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर तिच्या आईचा फोटो.

तिनं नुसतं बघितलं. "हे काय वाजतंय?"

स्वच्छ आमच्या भाषेत! खिंडीपलीकडच्या, बेगाइमच्या हेलात!

मग ती उठली आणि सासूबाईंसमोर वाकली.

"सासूबाई, पोटभर जेवले. आता निघते."

कडी काढून ती बाहेर पडली. अनवाणी. मी मागे धावले, हाका मारल्या. अंगणात तिची पावलं होती. फाटकापुढे कोरं बर्फ.

फोन आत वाजतच होता.

दुसऱ्या दिवशी खिंडीपलीकडून फोन आला. बेगाइमच्या आईचा, काल्बूबूचा. म्हातारी आनंदानं रडत होती. "माझी पोर आली गं! गाढ झोपलीय. चेहरा बदललाय, पण मला आई म्हणते. घरातली भांडी कुठं आहेत, सगळं ठाऊक आहे तिला."

त्या थंडीत खिंड अनवाणी ओलांडून गेलेल्या पोरीच्या पायाला साधा फोडसुद्धा नव्हता.

आठवड्यानं युस्तिनाची आई पोलंडहून आली. तिला शाळेत शिकलेलं रशियन यायचं, म्हणून मीच दुभाषी होऊन तिच्याबरोबर काल्बूबूकडे गेले. दारात युस्तिनाच्या आईनं दोन्ही हात पसरले. युस्तिना म्हातारीच्या मागे लपली.

"आई, ही कोण बाई? मला कुठं नेणार आहे?"

"काय म्हणतेय माझी पोर?" आईनं विचारलं.

"दमलीय," मी म्हटलं.

ड्रायव्हरनं आणि आईनं तिला ओढत गाडीत घातलं. ती किंचाळत होती, लाथा झाडत होती. काल्बूबू गाडीपुढे बर्फात आडवी झाली.

"एकदा नेलीत, मारलीत! पुन्हा नेताय?"

तिला बाजूला करावं लागलं. मीच केलं. काय करणार होते? जन्म दिलेली आई समोर उभी होती.

म्हातारी महिन्याभरात गेली. सासूबाई अजून खणखणीत आहेत. बेगाइमचं नाव आजही घेत नाहीत.

पुढच्या नाताळला मला पोलंडहून फोन आला. युस्तिनाची आई.

"आता शांत झालीय गं. आमच्याशी बोलत नाही, पण एकच वाक्य हळूच म्हणत असते. जेवताना, दाराकडे बघत. मी पाठ केलंय. अर्थ सांगशील?"

आणि तिनं ते म्हणून दाखवलं. अडखळत, आमच्या भाषेत.

"मला घरी जाऊ द्या."

सण होता हो. ती बाई श्वास रोखून थांबली होती.

"ती... नाताळच्या शुभेच्छा देतेय तुम्हाला," मी म्हटलं.

ती हमसून हमसून रडली. आनंदानं.

तेव्हापासून दर चोवीस डिसेंबरला ती मला फोन करते. मी उचलते.

आणि ती हसत, मोठ्या प्रेमानं मला म्हणते, "मला घरी जाऊ द्या!"